माळ्यावरचं काडेचिराईत

कापणी ऐन भरात आली होती तेव्हा औषधाच्या कंपनीच्या पारख्यानं दर पाडला. पाडला म्हणजे निम्म्याच्याही खाली आणला, आणि वर म्हणाला, "परवडत असेल तर ठेवा, नाहीतर घरी न्या. माझ्याकडे माल कमी नाही."

तोलाच्या शेडमध्ये त्या वेळी पंधरावीस माणसं असतील. सगळ्यांचे हात काळपट हिरवे झालेले. काडेचिराईत, तापाच्या काढ्याचं ते कडू झाड, कापायला लागलं की महिनाभर हात तसेच राहतात. कितीही घासा, राखेनं घासा, साबणानं घासा, जेवायला बसलं की पहिला घास कडूच लागतो. त्या कडू हातांनी माणसं आपापल्या जुड्या धरून उभी होती.

दोघा भावांतला थोरला तेव्हा काट्यासमोर होता. त्याचा माल पारड्यात चढलेला. तो काही बोलका माणूस नव्हता. चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. पण त्या दिवशी त्यानं वाकून आपल्या जुड्या पारड्यातून उचलल्या, जमिनीवर ठेवल्या आणि म्हणाला, "मग राहू दे."

"काय राहू दे?"

"माल राहू दे. आम्ही देत नाही."

'आम्ही' हा शब्द त्याच्या तोंडून कसा गेला ते त्यालाच कळलं नाही. पण गेला. मागच्यानं आपली जुडी खांद्यावरून खाली टाकली. त्याच्या मागच्यानं टाकली. पारख्या हसला, वही मिटून चहा प्यायला गेला. तो गेल्यावर सगळ्यांनी काट्याच्या दांडीवर हात ठेवून शब्द दिला, की जुना दर मिळेपर्यंत एक काडीसुद्धा कोणी विकणार नाही. सगळ्यात आधी थोरल्याचा हात, त्यावर धाकट्या भावाचा, त्यावर बाकीच्यांचे. इतके हात की दांडी वाकली.

त्या दिवसापासून लोक त्याला अध्यक्ष म्हणायला लागले. सुरुवातीला मानानं.

थोरलीला नवऱ्याचं ते रूप नवीन होतं. लग्न झाल्यापासून तिनं त्याला मान खाली घालून काम करतानाच पाहिलं होतं. आता तो घरात येताना चौकटीला डोकं लागेल की काय असा ताठ येत होता. येणाऱ्याजाणाऱ्याला "बसा" म्हणत होता. ती धाकट्या जावेला म्हणाली, "एवढा मान पचला म्हणजे मिळवलं."

धाकटी हसली. दोघी त्या वेळी माळा झाडत होत्या. घर एकच, पुढची खोली, मागची खोली, आणि दोन्हींवर पत्र्याखालचा माळा. धाकट्यानं त्या वर्षी माळ्याला मधे फळ्या ठोकून आपल्यापुरती खोली काढायची ठरवलं होतं. फळ्या आणून ठेवल्याही होत्या. त्याची मुलगी आता चालायला लागली होती आणि मागच्या खोलीत तिघांना पाय पसरायला जागा नव्हती. पण माल ठेवायचा कुठे? फळ्या बाहेर भिंतीला लावून ठेवल्या आणि माळ्यावर चिराईत चढलं.

दोन दिवस तेच काम. धाकटा खालून जुडी फेकायचा, शिडीवर मधे थोरली, वर थोरला वाकून रचायचा. पानांची धूळ घशात जायची, थुंकी कडू व्हायची. पत्रा इतका तापलेला की वर माणूस बसू शकत नव्हता, ओणव्यानंच सरकायचं. थोरल्याच्या पाठीवर घामानं पाला चिकटून पाठ हिरवी झाली होती.

धाकट्यानं खालून विचारलं, "दादा, हे टिकतं किती?"

"कशाला टिकायला पाहिजे? महिन्यात पाया पडत येतो बघ तो."

"नाही आला तर?"

"चिराईत आहे रे हे. याला कीड लागत नाही, ढोर तोंड लावत नाही. दहा वर्षं पडलं तरी कडू ते कडूच."

धाकट्यानं पुढची जुडी फेकली.

महिना गेला, दुसरा गेला. पारख्या पाया पडत आला नाही. त्याला यायची गरजच उरली नव्हती. लोक आपणहून त्याच्याकडे जात होते. पहिला गेला तो शेजारचाच, दांडीवर तिसरा हात ज्याचा होता तो. हातगाडीवर खाली जुड्या, वर गवत, आणि गवतावर बायकोला बसवून तो भल्या सकाळी निघाला. थोरला तोंड धूत होता. त्यानं विचारलं, "कुठे?"

"गवत द्यायला, अध्यक्ष."

गवताखालून हिरव्या काड्या बाहेर आल्या होत्या. थोरल्यानं बघितलं आणि पुन्हा चूळ भरली. शेजाऱ्यानं पुढे त्या पैशात भर घालून एक जुना टेंपो घेतला, आणि त्याला सगळे टेंपोवाला म्हणू लागले. त्याच्या मागून बाकीचे गेले. कोणी मुलीचं कारण सांगितलं, कोणी दुखण्याचं. पावसाळा तोंडावर आला तेव्हा माल फक्त एका माळ्यावर होता.

धाकटा म्हणाला, "दादा, आता कोणासाठी थांबायचं?"

"शब्द दिलाय."

"कोणाला? ज्यांना दिला ते विकून मोकळे झाले."

"त्यांनी त्यांचा मोडला. माझा मी कशाला मोडू?"

धाकट्यानं वहिनीकडे पाहिलं. ती चुलीपुढे बसली होती. तिनं लाकूड आत सारलं. तिला नवऱ्याचं म्हणणं पटत होतं असं नाही, पण चूक कुठे आहे तेही बोट ठेवून सांगता येत नव्हतं. शब्द दिला की पाळायचा, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पाळून माळा भरतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात पत्र्याच्या खिळ्यांतून पाणी गळलं. खाली परात लावली, वर फाटकी ताडपत्री टाकली, तरी कोपऱ्यातल्या जुड्या भिजल्या. उघडीप मिळाली की थोरला सगळ्या खाली काढायचा. दोघी जावा अंगणात त्या पसरायच्या. जुडी दाबली की तिच्यातून चहासारखं पाणी निथळायचं आणि दगडावरून वाहून जायचं. धाकटीची मुलगी त्या पाण्यात पाय आपटायची. उन्हात वाळवलं की पुन्हा वर. पुन्हा पाऊस, पुन्हा खाली. हिरवा रंग आधी पिवळट झाला, मग मातकट. पानं तर हात लावताच चुरा व्हायची. घरात कुबट वास बसला, तो अंथरुणात शिरला, कपड्यांत शिरला. धाकटी माहेरी गेली तेव्हा तिची आई म्हणाली, "अगं, तुला हा वास कसला येतो?"

पुढच्या वर्षी थोरल्यानं पेरलंच नाही. "आधी हे जाऊ दे," म्हणाला. रान पडून राहिलं आणि दोघे भाऊ रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. वय झालेला माणूस, हातोडा उचलला की खांदा कटकन वाजायचा. टेंपोवाला खडी न्यायला यायचा. टेंपो लावून, खिडकीतून हात बाहेर सोडून तो म्हणायचा, "काय अध्यक्ष, माल मुरतोय ना? मुरू द्या, मुरू द्या. लोणच्यासारखा भाव येईल."

बाकीचे मजूर हसायचे. थोरला पाटी भरायचा. धाकटा एकदा हातोडा घेऊन उठला होता, तेव्हा थोरल्यानंच त्याचा हात धरला. "त्याच्या तोंडाला लागू नकोस. आपण खरे आहोत."

"खरे आहोत म्हणून तर खडी फोडतोय," धाकटा म्हणाला आणि बसला.

थोरलीला खरी गोष्ट कळली ती शेळीमुळे.

माळ्यावरून काढताना एक जुडी सुटून गोठ्याच्या कडेला पडली होती. दुपारी थोरली पाणी घेऊन गेली तर शेळी ती खात होती. नुसती तोंड लावून सोडत नव्हती, मान हलवत, डोळे अर्धे मिटून, कडबा खावा तशी खात होती. थोरली घागर धरून उभीच राहिली. या घरात ती आली तेव्हापासून चिराईत बांधावर उभं असायचं आणि शेळ्या त्याला वळसा घालून जायच्या. उपाशी शेळीसुद्धा हुंगून शिंकायची.

तिनं खाली वाकून एक काडी उचलली, पुसली, दाढेखाली धरली. चावली. लाकूड. मग कुठेतरी मागे, घशाजवळ, कोणीतरी दूरच्या खोलीत बोलावं तसा थोडासा कडूपणा आला आणि गेला. तिनं दुसरी काडी चावली, तिसरी चावली. मग उरलेली जुडी शेळीच्या तोंडातून ओढून घेतली आणि चुलीत घातली. चांगली पेटली. नवऱ्याला तिनं सांगितलं नाही. खडी फोडून आलेल्या माणसाला, हाताचे फोड सुईनं फोडत बसलेल्या माणसाला, काय म्हणून सांगायचं?

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी सगळीकडे ताप पसरला. घरटी एकतरी माणूस पडलेलं. दवाखान्यात रांगा, आणि काढ्याच्या बाटल्या दुकानात येतील तशा संपत होत्या. त्या वर्षी नवं पीक पावसानं कुजलं होतं. कंपनीला माल पाहिजे होता. आणि एका सकाळी पारख्याची मोटारसायकल थेट थोरल्याच्या अंगणात येऊन थांबली.

थोरल्यानं धुतलेला सदरा घातला. धाकट्याला म्हणाला, "बघ. म्हणालो नव्हतो?" बायकोला चहा ठेवायला सांगितला. पारख्याला बाजेवर बसवून स्वतः शिडी चढला. मधल्या थरातली, त्याच्या मते सगळ्यात चांगली, जुडी घेऊन खाली आला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

पारख्यानं जुडी हलवली. चुरा त्याच्या मांडीवर पडला. एक काडी मोडून त्यानं वास घेतला, टोक जिभेवर ठेवलं, चावलं. तो चावत राहिला. गेल्या खेपेला शेडमध्ये हाच माणूस काडी जिभेला लावताच तोंड वाकडं करून थुंकला होता, ते थोरलीला आठवत होतं. आता तो नुसता चावत होता आणि अंगणाकडे बघत होता.

"किती जुनं आहे हे?"

"तेव्हाचंच. दर पाडलात तेव्हाचं."

पारख्यानं चोथा हातात काढून टाकला. आवाज चढवला नाही, चिडलाही नाही. "अहो, यात काडी राहिली. चिराईत गेलं."

"असं कसं जाईल?"

"जातं. उष्णतेनं जातं, ओलीनं जातं. नुसतं पडून राहिलं तरी दर वर्षाला उतरत जातं. तुमचं तर भिजलेलं दिसतंय. कंपनीत कडूपणा तपासतात, एवढा पाहिजे म्हणजे एवढाच पाहिजे. हे नेलं तर माझी नोकरी जाईल." त्यानं चहा घेतला. "त्याच वर्षी दिलं असतंत तर… म्हणजे दर कमी होता, पण."

"दर तुम्ही पाडला होता."

"मी कुठे पाडला? मला वरून सांगतात." त्यानं कप खाली ठेवला. "जळणाला होईल."

मोटारसायकल गेली. थोरला जुडी हातात घेऊन तसाच उभा. मग त्यानं घरातल्या सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि एकेकाच्या हातावर काडी ठेवली.

"चावा. आणि खरं सांगा."

धाकट्यानं चावली. भावाच्या तोंडाकडे बघितलं. "कडू आहे की, दादा."

धाकटी म्हणाली, "हो, आहे. कडू आहे."

थोरलीनं काडी दाढेखाली धरली. नवरा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिला माहीत होतं, डोळे बारीक करायचे, ओठ मुरडायचे, एवढंच करायचं आहे. तिनं केलं. पण थोडं उशिरा केलं.

"लागतंय," ती म्हणाली.

 थोरल्यानं शिडी उचलून माळ्याला लावली आणि जुडी परत जागेवर ठेवून आला. खाली आल्यावर मात्र म्हणाला, "त्याला फुकटात पाहिजे. दर पाडायची नवी तऱ्हा आहे ही."

चार दिवसांनी धाकटा कामावरून परत आला तो थरथरतच. खडीच्या ढिगावर बसल्या बसल्या त्याला थंडी वाजली होती. संध्याकाळी अंग तव्यासारखं तापलं. धाकटी म्हणाली, "सकाळी दवाखान्यात नेऊ."

"दवाखाना कशाला?" थोरला म्हणाला. "घरात औषधाचा माळा भरलाय आणि दवाखान्यात जायचं? लोक काय म्हणतील?"

त्यानं स्वतः काढा केला. मूठभर काड्या ठेचून, पातेलंभर पाणी निम्मं होईपर्यंत आटवलं. भावाचं डोकं मांडीवर घेऊन त्यानं घोट घोट पाजलं. लहानपणी आई गेल्यावर त्यानं याला असंच वाढवलं होतं, ताप आला की नाक दाबून चिराईत पाजायचा आणि वर गुळाचा खडा द्यायचा. धाकटा तेव्हा लाथा झाडायचा. आता तो पाणी प्यावं तसं प्याला. नाक दाबावं लागलं नाही. गूळ मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. थोरल्यानं काड्या दुप्पट केल्या. तिसऱ्या दिवशी तिप्पट. चूल दिवसभर धगधगत होती. धाकटा तापाच्या भरात अंगणाकडे बघून खडीच्या पाट्या मोजायला लागला. धाकटी चुलीशी येऊन थोरलीच्या कानाशी म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या पाया पडते. मोठ्या भाऊजींना सांगा. माझं ऐकत नाहीत."

"सांगते."

"त्या काढ्यात काही नाही हो. मी चाखला. त्या दिवशी मी खोटं बोलले."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग हातातला पळा तिथेच टाकून ती उठली आणि नवऱ्यापुढे गेली. तो काड्या ठेचत बसला होता.

"उठा. भाऊजींना न्यायचं."

"आज उतरेल. आज दाट केलाय."

"अहो, ते शेळीनं खाल्लं."

"काय?"

"तुमचं चिराईत. शेळीनं कडब्यासारखं खाल्लं, मी डोळ्यांनी बघितलं. आता उठताय, की मी जाऊ?"

त्याचा दगड ठेचता ठेचता थांबला. एवढंच. पुन्हा सुरू झाला. ती वळली आणि पदर खोचून तरातरा शेजारी गेली. त्या घराची पायरी ती त्या गवताच्या दिवसानंतर चढली नव्हती. टेंपोवाला जेवत होता. तिचं तोंड बघून त्यानं हात तसाच धुतला आणि किल्ली घेतली. तो वाईट माणूस नव्हता. खडीची धूळ भरलेल्या हौद्यात त्यानं आपल्याच घरातली गादी टाकली. धाकट्याला त्यावर निजवताना थोरला बाहेर आला आणि त्याच्या पायांशी चढून बसला. टेंपोवाल्यानं आरशात त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यानं त्याला अध्यक्ष म्हटलं नाही.

दवाखान्यात जमिनीवर जागा मिळाली. सुया, सलाईन, पुन्हा सुया. धाकटा वाचला. आठवड्यानं डोळे नीट उघडले, पण डाव्या कानानं त्याला काही ऐकू येईना आणि हाताला कंप राहिला तो राहिलाच. पेला धरला की पाणी हिंदकळायचं. डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या तेव्हा चौघंही तिथेच होते. बाईंनी विचारलं, "इतके दिवस घरी काय करत होतात?"

थोरला मान खाली घालून म्हणाला, "काढा देत होतो. काडेचिराईताचा. जुनं होतं जरा."

"जुनं काय आणि नवं काय," बाई कागदावर लिहीत म्हणाल्या. "हा मेंदूवर गेलेला ताप होता. अगदी ताजा काढा दिला असतात तरी याला पुरला नसता. पहिल्या दिवशी आणायला हवं होतं."

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. थोरल्यानं मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर तजेला आला होता. तो बायकोला म्हणाला, "ऐकलंस? ताजं असतं तरी पुरलं नसतं. म्हणजे आपल्या मालाचा दोष नव्हता."

धाकटा उजव्या कुशीवर असता, तर चांगला कान उशीत दबला असता. पण तो उताणा होता. त्यानं ऐकलं. त्यानं भावाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग तोंड भिंतीकडे केलं. थोरली म्हणाली, "गप बसा." पण शब्द बाहेर पडून गेला होता.

घरी आल्यावर धाकटा एकच दिवस राहिला. धाकटीच्या माहेरी तिच्या भावाचं किराणा दुकान होतं. बसून पुड्या बांधायचं काम देतो म्हणाला होता, हात स्थिर झाला तर. सामान बांधताना थोरला दारात उभा राहिला.

"इथे काय कमी आहे तुला?"

"काय म्हणालास? ह्या बाजूनं बोल."

थोरला दुसऱ्या बाजूला गेला. "इथे काय कमी आहे?"

"काही नाही, दादा. तुझं सगळं बरोबर आहे. शब्द बरोबर, माल बरोबर." त्यानं गाठ मारायचा प्रयत्न केला, हात कापत होता, गाठ बसेना. थोरलीनं पुढे होऊन मारली. "तेवढा मीच एक खराब निघालो."

भिंतीला लावलेल्या फळ्यांकडे बघत मुलगी आईच्या कडेवरून गेली. थोरली कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली. परत आली तर नवरा मागच्या खोलीत, रिकाम्या, उभा होता. म्हणाला, "येईल. राग शांत झाला की येईल." तो आला नाही.

त्यानंतर थोरला कमी बोलू लागला, पण माळ्याला हात लावू देईना. ती म्हणायची, रिकामा करू, जळणाला होईल. तो म्हणायचा, बघू. एकटाच खडी फोडायला जायचा, एकटाच यायचा. सुंभ जळला होता आणि पीळ तेवढा माळ्यावर होता.

मग नवी कापणी आली. पीक सगळ्यांचंच भरघोस आलं आणि कंपनीनं पुन्हा दर पाडला, मागच्यापेक्षा जास्त. एका दुपारी अंगणात माणसं जमली. हिरवे हात, घामेजलेली तोंडं. टेंपोवालाही होता, त्यानंही या वर्षी रान केलं होतं. एक म्हातारा म्हणाला, "अध्यक्ष, तुम्ही पुढे व्हा."

थोरला बाजेवर होता. तो सावरून बसला.

"मागच्या वेळी आम्ही चुकलो," म्हातारा म्हणाला. "पण शब्द पाळणारा एक माणूस निघाला, हे सगळ्यांनी बघितलंय. तुम्ही म्हणाल तर लोक ऐकतील. या वेळी सगळे माल घरात ठेवू. वर्ष लागलं तर लागलं."

"दोन वर्षं लागली तरी," दुसरा म्हणाला.

थोरल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पाठ ताठ झाली. थोरली दारात उभी राहून ते बघत होती. तीच पाठ, तोच चौकटीला लागेलसा ताठपणा. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "अगं, सगळ्यांना चहा टाक."

ती आत गेली. पातेलं चढवलं. थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग शिडी लावून वर चढली.

चहा आला. दूध होतं, साखर सढळ हातानं घातलेली. माणसं फुंकर मारून प्यायली. बोलणं चालू होतं, दांडीवर हात कधी ठेवायचे, पहिला कोणाचा. म्हाताऱ्यानं कप रिकामा करून खाली ठेवला. "झक्कास झाला हो, वहिनी."

"कडू नाही ना लागला?"

"छे, गोड होता."

"त्यात चार मुठी चिराईत उकळलंय," थोरली म्हणाली. "ह्यांचं. माळ्यावरचं."

 एकानं कपात वाकून बघितलं. टेंपोवाल्याचा घोट तोंडातच राहिला, मग त्यानं तो गिळला.

"दर पाडलाय तर भांडा," ती म्हणाली.  "शेडसमोर बसा, रस्ता अडवा, त्याची गाडी जाऊ देऊ नका. मी येते तुमच्याबरोबर बसायला. पण माळ्यावर टाकून वाट बघू नका. त्याचं काही जात नाही. ते आपल्याच घरात बसून उतरतं."

कोणी थोरल्याकडे बघितलं नाही. त्याचा कप अजून अर्धा होता. तो दोन्ही हातांत धरून त्यानं उरलेला चहा सावकाश, गाळाच्या काडीसकट, संपवला.

"मला लागला," तो म्हणाला. "मला कडू लागला."

 म्हातारा उठला, मग एकेक करत सगळे उठले. चपला शोधताना सगळ्यांनाच फार वेळ लागला. दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांनी पारख्याच्या दरानं माल दिला. शेडसमोर बसायला कोणी गेलं नाही.

थोरलीनं त्या दुपारी कप गोळा केले आणि धुवायला बसली. नवरा बाजेवर तसाच होता, पाठ भिंतीला टेकवून, तोंड किंचित उघडं, जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखं. थोड्या वेळानं तिला शिडी सरकल्याचा आवाज आला. मग पहिली जुडी अंगणात पडली. मग दुसरी. तो वरून टाकत राहिला, ती बघत राहिली. शेळीनं खुंट्याला ताण देऊन मान लांब केली आणि जवळची जुडी ओढून घेतली. या वेळी थोरली उठली नाही.